पंचवीस सेंटिमीटरचा हिशेब

प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. समोरच्या दातांपासून मोजलं तर ती १५ सेंटिमीटरवर सुरू होते आणि ४० च्या आसपास जठराला मिळते. एवढ्याशा नळीची जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीत दोनदा वाटणी केली आहे, आणि दोन्ही वाटण्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, दहावी आवृत्ती उघडली की अन्ननलिकेच्या कर्करोगाला सी १५ हा संकेतांक दिसतो. त्याखाली आधी मानेतला भाग, छातीतला भाग, पोटातला भाग असे तीन आकडे येतात: सी १५.०, १५.१, १५.२. लगेच पुढे त्याच नळीचे पुन्हा तीन तुकडे: वरचा एकतृतीयांश, मधला, खालचा. त्यांचे आकडे १५.३, १५.४, १५.५. आता छातीतला भाग म्हणजे नेमका कोणता एकतृतीयांश? वरच्याचा काही, मधला सगळा आणि खालच्याचा बराचसा. एका पद्धतीतून दुसरीत जायला वाटच नाही.

ही यादी करणाऱ्यांची नजरचूक नव्हे. एका रोगाला एकच कप्पा असावा हा आपलाच नियम इथे जाणूनबुजून मोडला आहे, अशी टीप त्यांनी यादीतच देऊन ठेवली आहे. कारण अगदी व्यवहारी होतं. काही डॉक्टर शरीररचनेची भाषा लिहितात, काही एकतृतीयांशाची, आणि कोणालाही आपली सवय सोडायची नव्हती. नवव्या आवृत्तीतही, आकडा १५० असताना, हीच दुहेरी मांडणी होती. डॉक्टरने काहीच लिहिलं नाही तर त्यासाठी शेवटी आणखी एक आकडा राखून ठेवला आहे: सी १५.९, जागा नमूद नाही. मुंबई-पुण्याकडच्या अन्ननलिकेच्या कर्करोगाचा इतिहास हा पुष्कळसा या शेवटच्या आकड्याशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

मुळात माणसं कशाने मरतात याची सगळ्या देशांनी एकच यादी वापरावी, हा आग्रह इंग्लंडच्या विल्यम फारचा. तिथल्या जन्ममृत्यू निबंधकाच्या कचेरीतून १८३९ पासून तो हेच सांगत होता. १८५५ मध्ये पॅरिसला त्याची यादी आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पीनची यादी यांच्यात तडजोड होऊन १३९ कारणांची एक यादी तयार झाली. ती सर्वत्र रुजली नाही. रुजली ती झाक बर्तियोंची. पॅरिस शहराच्या आकडेवारी खात्याचा हा प्रमुख १८९३ मध्ये शिकागोला गेला आणि त्याने ४४, ९९ आणि १६१ शीर्षकांच्या तीन याद्या पुढे ठेवल्या. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्याने घ्यावं. रोग शरीरात कुठे आहे यावरून त्याला कप्पा द्यायचा, हे फारचं तत्त्व बर्तियोंने उचललं. अन्ननलिकेच्या कर्करोगाला आज स्वतःचा आकडा आहे तो या तत्त्वामुळे.

त्या काळात मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत मृत्यूची नोंद कशी होत होती? पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि 'इतर'. सरकारी तक्त्यात एवढेच रकाने होते. गावकामगाराने वर्दी द्यायची आणि तालुक्याने बेरीज करायची. साथीच्या बंदोबस्तासाठी केलेली ही व्यवस्था त्या कामापुरती बरी होती. पण सिंहगडाच्या वाटेवरच्या धायरीसारख्या गावात एखाद्याचा घास महिनोन्‌महिने अडकत गेला, भाकरी सुटली, मग पेजही उतरेना आणि माणूस वाळून गेला, तर तो या तक्त्यात 'ताप' किंवा 'इतर' यांपैकी कुठेतरी जमा व्हायचा. ताप हे कारण इतकं सोयीचं होतं की जवळजवळ काहीही त्यात मावायचं. हिंदुस्थानात कर्करोग दुर्मीळ आहे, असं मग साहेबांना वाटू लागलं तर नवल नाही.

तो समज खोडून काढायचं काम जुन्या कागदांनी केलं. विश्वनाथ आणि ग्रेवाल या दोघांनी १९३० च्या दशकात देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले शवविच्छेदनाचे आणि तपासणीचे कागद चाळून दाखवलं की कर्करोग इथेही भरपूर आहे; तो फक्त नोंदला जात नाही. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. खानोलकर पॅथॉलॉजिस्ट. पेशी पाहून रोग सांगणारा माणूस साधारणपणे काचपट्टीपुढे थांबतो. खानोलकरांना मात्र त्या काचपट्टीमागचा माणूस हवा होता. तो कुठल्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, हे केसपेपरवर आलं पाहिजे अशी त्यांची धारणा होती. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. विषय होता तंबाखू चघळणं व ओढणं आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे कर्करोग. त्यातली कळीची गोष्ट जागेची होती. चघळणाऱ्याचा रोग आणि ओढणाऱ्याचा रोग एकाच ठिकाणी होत नाही. सवय बदलली की या मार्गावरची जागा बदलते. केसपेपरवर नुसतं 'घशाचा कॅन्सर' लिहिलं असतं तर हे कोणाच्या बापाला कळलं नसतं.

रुग्णालयाचे आकडे मात्र रुग्णालयापुरतेच. टाटामध्ये अन्ननलिकेचे रुग्ण जास्त दिसतात ते मुंबईत हा रोग जास्त आहे म्हणून, की दूरदूरहून लोक तिथेच येतात म्हणून? याचं उत्तर द्यायचं तर एका ठरावीक हद्दीतला प्रत्येक नवा रुग्ण मोजायला हवा आणि त्याला त्या हद्दीतल्या लोकसंख्येने भागायला हवं. हे काम भारतात पहिल्यांदा मुंबईत झालं. टाटा रुग्णालयातले सर्जन डॉ. दाराब जहांगीर जस्सावाला यांनी नवल टाटांबरोबर १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी काढली होती. त्याच सोसायटीने १९६३ मध्ये बृहन्मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली.

कर्करोग कळवणं डॉक्टरवर बंधनकारक नव्हतं. त्यामुळे वाट पाहत बसून काही मिळणार नव्हतं. नोंदणीची माणसं स्वतः रुग्णालयांत, खासगी नर्सिंग होममध्ये, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत जायची आणि केसपेपरवरून माहिती उतरवून आणायची. शिवाय महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यांतून कर्करोगाची नावं वेगळी काढायची. मग खरी डोकेफोड सुरू. तीच बाई एका रुग्णालयात कमल, दुसऱ्यात कमलबाई, प्रयोगशाळेत नुसती 'के.' आणि मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावाने. वय कुठे ४५, कुठे ५५. पत्ता एकीकडे लालबागची चाळ आणि दुसरीकडे गावचं घर. ती एक की चार, हे ठरल्याशिवाय तिला आकडा देता येत नाही. चार धरली तर मुंबईत रोग चौपट होतो. एखाद्याचं नाव रुग्णालयांत कुठेच न सापडता फक्त मृत्यूच्या दाखल्यावर आलं, तर त्याला वेगळी खूण करायची, कारण अशी नावं फार झाली म्हणजे आपल्या जाळ्याला भोकं आहेत हे समजायचं. हे काम करणारी माणसं शोधनिबंधांच्या नामावळीत क्वचितच येतात, पण त्यातला एकेक अंक त्यांच्या हातून गेला आहे.

या खटाटोपातून जे हाती आलं ते लक्षणीय होतं. जस्सावाला, देशपांडे, नाटेकर आणि अमेरिकेचे विल्यम हेन्झेल यांनी १९७० मध्ये पारशी समाज आणि उरलेली मुंबई यांची तुलना छापली. पारशांमध्ये तोंडाचे, घशाचे, अन्ननलिकेचे कर्करोग कमी होते आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त. अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात विडी-सिगारेट निषिद्धच. पुढच्याच वर्षी जस्सावाला आणि देशपांडे यांनी तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या २,००५ रुग्णांची तेवढ्याच निरोगी लोकांशी तुलना करून चघळणाऱ्यांचा आणि ओढणाऱ्यांचा धोका मांडला. जगभरच्या कर्करोग नोंदणीचे आकडे एकत्र छापणाऱ्या आंतरराष्ट्रीय ग्रंथमालेच्या १९७० सालच्या दुसऱ्या खंडात मुंबई होती. तापाच्या रकान्यातून निघून इथवर यायला पाऊण शतक लागलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोसायटीने पुण्यातही अशीच नोंदणी सुरू केली. पुढे औरंगाबाद आणि नागपूर आलं. इथे धायरीसारख्या गावाचा प्रश्न उभा राहतो. शहराची नोंदणी म्हटलं की हद्द आली आणि धायरी तेव्हा हवेली तालुक्यातलं, ग्रामपंचायतीचं गाव. गावकरी दूध-भाजी घेऊन शहरात येणार, दुखणं काढायला ससून रुग्णालयात येणार, पण राहणार हद्दीबाहेर. नोंदणीच्या लेखी महत्त्व कुठे उपचार झाले याला नाही, रोजचं राहणं कुठे याला आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा याच्या नेमका उलटा. तिथे मृत्यू जिथे झाला तिथल्या दप्तरात नोंद. म्हणजे धायरीचा माणूस ससूनमध्ये गेला तर त्याचा मृत्यू पुणे शहराच्या वहीत, ग्रामपंचायतीच्या वहीत त्याचा पत्ता नाही. आणि कर्करोग मोजणाऱ्याने मात्र त्याला शहरातून वगळायचं. केसपेपरवर 'रा. धायरी' न लिहिता घाईत 'पुणे' लिहिलं की तो गुपचूप शहराचा रुग्ण होतो.

हद्दही जागची हलत राहिली. १९९७ मध्ये पुण्याभोवतीची गावं महापालिकेत घेण्याचा मोठा निर्णय झाला, मग त्यातली काही वगळली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, त्यांत धायरीचं नाव होतं. शेजारचं नऱ्हे आणखी २२ गावांबरोबर २०२१ मध्ये आलं. धारेश्वराच्या देवळापासून फाट्यापर्यंत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांना ही तारीख पाण्याच्या टँकरमुळे आणि मिळकतकरामुळे लक्षात आहे. रोगाचे दर काढणाऱ्याला ती वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावी लागते: लोकसंख्या भागायला घेताना कोणती हद्द धरली, हे न सांगता दोन काळांचे दर शेजारी मांडले तर फरक रोगाचा की नकाशाचा हे कळत नाही.

पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत शिरून मोठं काम झालं ते तोंडाच्या बाबतीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. तंबाखू भाजून केलेली मिसरी दातांना लावायची बायकांची सवय इथे घरोघर होती. तोंड उघडायला सांगितलं, आरशाने आत पाहिलं की पांढरा चट्टा दिसतो. अन्ननलिकेचं तसं नाही. दारात उभं राहून ती कोणाला दिसत नाही. घास अडकू लागेपर्यंत धन्यालाही तिची आठवण नसते.

ती दिसायची तर दुर्बीण आत घालावी लागते. १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या कुसमाउलने पहिल्यांदा सरळ, ताठ नळी आत घातली ती तलवार गिळून दाखवणाऱ्या एका कसरतपटूच्या घशात, कारण दुसऱ्या कोणाला ते जमण्यासारखंच नव्हतं. १९५७ मध्ये हिर्शोविट्झने काचतंतूंची वाकणारी दुर्बीण दाखवली आणि मग ही तपासणी रोजची झाली. आज तिला सगळे 'स्कोपी' म्हणतात. दुर्बिणीच्या काळ्या नळीवर सेंटिमीटरच्या पांढऱ्या खुणा असतात. गाठीपाशी टोक पोचलं की रुग्णाच्या दातांशी कोणती खूण आली ते बघायचं. २८ आली तर गाठ छातीत, मधल्या भागात. ३५ आली तर खालच्या. १८ आली तर मानेत. तिथे शस्त्रक्रियेचा विचारच वेगळा होतो. म्हणजे सी १५.४ की १५.५ याचं उत्तर त्या नळीवर छापलेलं असतं. अहवालात 'दातांपासून २८ ते ३२ सें.मी.' एवढं लिहिलं की पुढच्या कोणालाही आकडा देता येतो. 'अन्ननलिकेत गाठ, बायॉप्सी घेतली' असं लिहिलं की सी १५.९. पाहणाऱ्याला जागा माहीत होती, कागदाला नव्हती.

मृत्यूच्या दाखल्यावर हा घोळ आणखी वाढतो. १९४८ मध्ये आयसीडीची सहावी आवृत्ती आली, ती पहिल्यांदा जागतिक आरोग्य संघटनेकडून. मृत्यूबरोबर आजारपणाचाही तीत समावेश झाला आणि दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. आपल्याकडचा नमुना ४ त्याच घराण्यातला. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, बाहेर झाला तर ४ अ. त्यात वरच्या ओळीवर थेट कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते कशामुळे, असं उलट्या पावलांनी खाली जायचं असतं. समजा एका रुग्णाच्या अन्ननलिकेच्या मधल्या भागातल्या गाठीने श्वासनलिकेत भोक पाडलं, खाल्लेलं फुप्फुसात गेलं, न्यूमोनिया झाला आणि तो गेला. वर न्यूमोनिया, मध्ये भोक, सर्वांत खाली मधल्या एकतृतीयांशाचा कर्करोग. मोजणारा सर्वांत खालची ओळ उचलतो. आता हाच दाखला रात्री तीन वाजता, नातेवाईक दारात, शववाहिका खाली उभी अशा वेळी लिहिला की वरच्या ओळीवर 'हृदयक्रिया व श्वसन बंद' येतं आणि खालच्या ओळी कोऱ्या राहतात. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. हे कारण लिहू नये अशी सूचना त्या नमुन्यावर असते, आणि तरीही ते लिहिलं जातं. याचं खापर एकट्या निवासी डॉक्टरवर फोडणं अन्यायाचं आहे. हा कागद भरायचा कसा हे त्याला बहुतेक वेळा कोणी बसून शिकवलेलंच नसतं.

कागदाची वाट न पाहता थेट माणसापर्यंत गेलं तर काय होतं, हे बार्शीत दिसलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १ जानेवारी १९८२ पासून आकडे गोळा होऊ लागले. लोकसंख्येवर आधारित नोंदण्या होत्या मुंबई, बंगळूर आणि मद्रास, सगळी महानगरं. खेड्याचं काय? १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं घेऊन देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. मागे बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, तिथलं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल केंद्र, आखणीत डॉ. कस्तुरी जयंत. इथे केसपेपर उतरवून घेणं पुरेसं नव्हतं, कारण बरेच लोक डॉक्टरपर्यंत पोचतच नव्हते. मग नोंदणीची माणसं गावोगाव हिंडली. घास अडकतो का, जखम भरत नाही का, अंगावरून जातं का, असं विचारत गेली आणि संशय आला की रुग्णाला रुग्णालयात आणत गेली. बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे निघाला. 'घास अडकतो' ही तक्रार आयसीडीत आर १३ म्हणून वेगळी बसते, ते लक्षण आहे, रोग नव्हे. पण बार्शीच्या पद्धतीत रोगाचा माग काढायला सुरुवात त्या लक्षणापासूनच व्हायची.

आज धायरी, नऱ्हे, वडगाव पट्ट्यात आयसीडीचे आकडे तोंडपाठ असलेली तरुण मंडळी पुष्कळ आहेत. फार्मसी, फिजिओथेरपी, बीएस्सी केलेली मुलं-मुली शहरातल्या कंपन्यांत 'कोडिंग' करतात. त्यांच्या पडद्यावर मात्र रुग्ण अमेरिकेतला असतो. अमेरिकेने आयसीडी-१० ची स्वतःची वाढवलेली आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. तिने अन्ननलिकेच्या कर्करोगाची ती दुहेरी वाटणी सरळ निकालात काढली: मान-छाती-पोट वगळलं, एकतृतीयांश ठेवले. दुसरीकडे तिने असे काही बारकावे वाढवले की नवशिक्याला घाम फुटावा. आम्लपित्त वर चढून अन्ननलिका सुजते त्या विकाराचा मूळ आकडा के २१.०. ऑक्टोबर २०२० पासून त्याचे दोन झाले, रक्तस्राव नसेल तर के २१.०० आणि असेल तर के २१.०१. बॅरेट अन्ननलिका नावाच्या विकारात पेशी बिघडल्या आहेत की नाहीत, किती बिघडल्या आहेत, यावर आकड्याचं शेपूट वाढत जातं. डॉक्टरने लिहिलं नसेल तर अंदाज बांधायचा नाही, 'क्वेरी' टाकायची. हा तिथला पहिला धडा. त्यामागे विज्ञानाची ओढ कमी आणि विमा कंपनीने क्लेम परत पाठवण्याची धास्ती जास्त, हेही खरंच. तरी कागदाला शिस्त लागली ती त्या धास्तीनेच.

आपल्याकडे तसा धक्का आता कुठे जाणवू लागला आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना, जी आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालते, ती आणि खासगी विमा यांनी 'स्कोपीचा रिपोर्ट कुठे, बायॉप्सी कुठे' हे विचारायला सुरुवात केली. डिस्चार्ज कार्डावर नुसतं निदान लिहून भागेनासं झालं.

आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा आकडा २बी७० असा झाला आणि त्याखालचे फाटे आता पेशींच्या प्रकारावर फुटतात. भारतात जास्त दिसणारा खपलीपेशींचा कर्करोग वेगळा, पाश्चात्त्य देशांत वाढलेला ग्रंथिपेशींचा वेगळा. जागा त्यासोबत जोडून लिहायची सोय आहे. जोडायची तर आधी ती कागदावर हवी, ही अट कायम.

आणि २०२३ च्या दुरुस्तीने जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात एक भर पडली. उपचार करणाऱ्या संस्थेने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवायचंच, पण त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची. म्हणजे ओळ अ, ब आणि क मध्ये काय लिहिलं आहे, हे आता धायरीतल्या घरीही वाचता येतं, आणि नोंद चुकली असेल तर कायद्याच्या कलम १५ खाली ती दुरुस्त करून मागता येते.